चुन्यावरची साय

चुना म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. तो विड्याला लागतो, भिंतीला लागतो, तंबाखू मळताना लागतो, आणि कुणी गोड बोलून फसवलं की त्यानं ‘चुना लावला’ असंही आपण म्हणतो. शाळेत कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर तो कसा खदखदतो हे आपण पाहिलेलं असतं. निवळीत नळीनं फुंकर मारून ती दुधाळ केलेली असते. या चुन्याच्या पोटात एक चंदेरी धातू आहे, कॅल्शियम. त्या धातूची पुन्हापुन्हा चार्ज होणारी बॅटरी करता येईल का, या प्रश्नावर जगातल्या मोजक्या प्रयोगशाळा गेली दहाएक वर्षं नेटानं काम करत आहेत. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे ‘चुन्यापासून बॅटरी’ अशा मथळ्याची बातमी कुठं आली, की जुने विद्यार्थी ती मला पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात, ‘सर, हे खरं का?’

त्याचं उत्तर होय किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. धातू चांगला आहे, मुबलक आहे. घोडं अडलं आहे ते धातू ज्या द्रवात बुडवायचा त्या द्रवापाशी. बॅटरीच्या भाषेत त्या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. कॅल्शियमला मानवेल असा इलेक्ट्रोलाइट शोधण्याची ही हकिकत आहे.

आधी धातूविषयी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीनं १८०८ साली कॅल्शियम पहिल्यांदा वेगळं केलं. ओलसर चुन्यातून नुसती वीज खेळवून त्याच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. तेवढ्यात स्टॉकहोमहून बर्झेलियस आणि पाँटिन यांच्या प्रयोगाची खबर आली. विजेचं ऋण टोक पाऱ्यात ठेवलं, की सुटणारा धातू पाऱ्यात विरघळून बसतो. डेव्हीनं तेच केलं, मग पारा उडवून लावला आणि मागे कॅल्शियम उरलं. म्हणजे कॅल्शियमचा जन्मच विजेतून झाला, आणि तोही योग्य सोबत मिळाली तेव्हा. ही गोष्ट पुढं उपयोगी पडणार आहे.

पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे चार टक्के कॅल्शियम आहे. मूलद्रव्यांच्या यादीत त्याचा पाचवा क्रमांक लागतो. लिथियम दहा लाख भागांत जेमतेम वीस भाग. पण नुसतं मुबलक असून भागत नाही, वाळूही मुबलक आहे. कॅल्शियमचा दुसरा गुण असा, की विजेच्या दृष्टीनं ते लिथियमच्या अगदी शेजारी बसतं. धातूची इलेक्ट्रॉन सोडून देण्याची ओढ व्होल्टमध्ये मोजतात. लिथियमसाठी तो आकडा उणे ३.०४ आहे आणि कॅल्शियमसाठी उणे २.८७. फरक ०.१७ व्होल्टचा. मॅग्नेशियम बिचारं उणे २.३७ वर राहतं. शिवाय कॅल्शियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, लिथियमचा एक. कॅल्शियमचा अणू जड असल्यानं वजनामागे लिथियमच जिंकतं: एका ग्रॅममागे लिथियम ३,८६१ मिलीअँपिअर-तास आणि कॅल्शियम १,३३७. पण एका घन सेंटिमीटरचा हिशेब केला, की दोघंही दोन हजारांच्या थोडे वर, जवळजवळ बरोबरीत येतात. आज तुमच्या फोनमधल्या बॅटरीत ऋण बाजूला लिथियम धातू नसतोच. तिथं ग्रॅफाइट असतं, आणि त्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरून बसतात. ग्रॅफाइटची धारणा ग्रॅममागे ३७२. त्या तुलनेत कॅल्शियम धातू साडेतीनपट सरस ठरतो. मोह पडावा असेच हे आकडे आहेत.

आता द्रवाकडे वळू. बॅटरीची दोन टोकं आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट, एवढीच मूळ रचना. इलेक्ट्रोलाइट म्हणजे एखाद्या द्रावकात विरघळवलेला क्षार. त्याची कामं दोन. आयनांना एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊ द्यायचं, आणि इलेक्ट्रॉनना मात्र जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ते बाहेरच्या तारेनं जातात आणि आपला दिवा पेटतो. हे करताना त्या द्रवानं स्वतः टिकून राहायचं असतं. इथंच सगळी मेख आहे. एवढ्या हावरटपणे इलेक्ट्रॉन देऊ पाहणाऱ्या धातूला टेकून बसलेला द्रव शाबूत राहूच शकत नाही. पाणी तर सोडाच. लिथियमला टेकलेले सेंद्रिय द्रावकही फुटतात, त्यांचे तुकडे धातूवर जमतात.

मग लिथियमच्या बॅटऱ्या चालतात कशा? तर त्या तुकड्यांचा धातूवर एक पातळ थर धरतो. दूध तापवल्यावर वर साय धरावी तसा. साय धरली, की खालच्या दुधाचा वरच्या हवेशी संबंध तुटतो. या थरामुळेही द्रव आणि धातू यांची थेट गाठ पडायची थांबते आणि पुढचं फुटणं आटोक्यात येतं. भाग्य असं, की लिथियमचा इवलासा, एकच भार असलेला आयन या सायीतून पलीकडे जाऊ शकतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली या सायीची मीमांसा केली आणि तिला नाव दिलं. लिथियम बॅटरीचं सारं वैभव या काही नॅनोमीटर जाडीच्या, कुणी मुद्दाम न बनवलेल्या सायीवर उभं आहे. सोनीनं पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती १९९१ साली.

त्याच १९९१ साली इस्राएलमधल्या बार-इलान विद्यापीठातून डोरॉन ऑरबाख आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी कॅल्शियमचे पत्रे निरनिराळ्या सेंद्रिय द्रवांमध्ये ठेवून काय होतं ते पाहिलं. साय इथंही धरते. पण ती कार्बोनेट, हायड्रॉक्साइड, ऑक्साइड अशा कॅल्शियमच्याच संयुगांची, म्हणजे ढोबळमानानं चुना आणि चुनखडी यांची असते. चुन्याची निवळी उघडी ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर कडक पांढरा पापुद्रा आलेला दिसतो, त्याच कुळातली ही साय. दोन धन भार घेतलेला कॅल्शियमचा आयन त्या पापुद्र्यातल्या ऋण भारांना असा चिकटतो, की पुढं सरकत नाही. डिस्चार्ज होताना धातू सायीला भेगा पाडून कसाबसा द्रवात उतरतो. चार्ज करताना मात्र परत धातूवर येऊन बसायची वाट बंद असते. निष्कर्ष सरळ होता: या द्रवांमध्ये कॅल्शियमचा मुलामा परत चढवणं व्यवहारात अशक्य.

गंमत अशी, की हाच दोष त्याआधी काहींना गुण वाटला होता. थायोनिल क्लोराइड नावाच्या द्रवात लिथियम ठेवून एकदाच वापरायच्या, ताकदवान बॅटऱ्या करतात. अशी बॅटरी चुकून उलटी चार्ज झाली, तर लिथियमचे काटे वाढून आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो. शिवाय लिथियम १८० अंशांना वितळतं. कॅल्शियम ८४२ अंशांपर्यंत वितळत नाही आणि त्याचा मुलामा चढतच नाही, म्हणून ते जास्त सुरक्षित, असा विचार करून १९८०च्या दशकात कॅल्शियमच्या तशा बॅटऱ्यांवर बरंच काम झालं. एकदाच जळायचं असेल तर वाट बंद असणं चांगलंच.

ऑरबाख यांच्या निबंधानंतर जवळजवळ पाव शतक या विषयात सामसूम होती. निष्कर्ष चुकीचा होता असं नाही. त्यांनी तपासलेल्या द्रवांपुरता तो अचूक होता आणि आजही आहे. पण विज्ञानातही एकदा ‘बंद’ अशी पाटी लागली, की लोक त्या गल्लीत शिरत नाहीत. लिथियम जोरात धावत होतं, मग कॅल्शियमकडे कोण बघणार? ऑरबाख स्वतः मॅग्नेशियमकडे वळले आणि २००० साली त्यांच्या गटानं पुन्हा चार्ज होणाऱ्या मॅग्नेशियम बॅटरीचा नमुना सादर केला. त्यात त्यांनी वेगळीच युक्ती केली होती. साय धरणारच नाही असा द्रव त्यांनी निवडला. ती युक्ती लक्षात ठेवा.

कॅल्शियमची कोंडी फुटली ती बार्सिलोनात. तिथल्या पदार्थविज्ञान संस्थेतले अलेक्सांद्र पॉन्रूश, रोझा पालासिन आणि टोयोटाच्या युरोपातल्या संशोधन विभागातले सहकारी यांनी २०१५च्या शरदात ‘नेचर मटेरियल्स’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीत वापरतात तसलेच कार्बोनेट द्रावक, त्यात कॅल्शियम टेट्राफ्लुओरोबोरेट हा क्षार, आणि तापमान ७५ ते १०० अंश. एवढ्या उष्णतेत कॅल्शियमचा मुलामा चढला, उतरला, पुन्हा चढला. द्रावक तेच, फक्त क्षार बदलला आणि ऊब दिली, तर सायीची जातच बदलली. या गटानं २०२० साली त्या सायीचं बारकाईनं विश्लेषण केलं. कॅल्शियम फ्लुओराइड तिच्यात होतंच, पण वाट मोकळी करणारा घटक निराळा निघाला. क्षारातलं बोरॉन द्रावकाच्या तुकड्यांशी गुंफून तयार झालेलं पॉलिमरसारखं जाळं, त्यातून आयन सरकत होता. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. कॅल्शियमला वाट देणारी साय अस्तित्वात असू शकते, हे त्यानं दाखवलं. अर्थात उकळत्या पाण्याइतकी गरम बॅटरी कुणी खिशात घेऊन फिरणार नाही.

दोनच वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये पीटर ब्रूस यांच्या गटानं नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हे काम करून दाखवलं. त्यांनी कॅल्शियम बोरोहायड्राइड हा क्षार टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात घेतला. चढलेल्या मुलाम्यापैकी ९५ टक्क्यांपर्यंत धातू परत उतरत होता, आणि हे पन्नास फेऱ्या चाललं. सोबत थोडं कॅल्शियम हायड्राइड तयार होत होतं, तेच बहुधा धातूचं रक्षण करत होतं.

इथं जरा थांबून आकडेमोड करू, कारण बातम्यांमध्ये नेमकी तीच गाळलेली असते. ९५ टक्के म्हणजे पहिल्या श्रेणीत पास, असं वाटतं. पण दर फेरीला शंभरातले पाच जात राहिले, तर पन्नास फेऱ्यांनंतर ०.९५चा पन्नासावा घात उरतो, म्हणजे शंभरातले आठसुद्धा नाहीत. प्रयोगशाळेत हे जाणवत नाही, कारण तिथं कॅल्शियमचा जाड तुकडा ठेवलेला असतो, गळतीची भरपाई त्याच्या गाठीतून होत राहते. खऱ्या बॅटरीत एवढी गाठ बांधली तर वजनाचा सगळा फायदा बुडाला. पाचशे फेऱ्यांनंतर निम्म्याहून थोडं अधिक उरायचं असेल, तरी दर फेरीला ९९.९ टक्के हवेत. नव्वद टिकायचे असतील तर ९९.९८. तुमच्या फोनमधल्या सायीला हे रोज जमतं, आणि आपण तिला कधी धन्यवाद देत नाही.

ऑक्सफर्डच्या द्रवाला आणखी एक मर्यादा होती. बोरोहायड्राइड ऋण बाजूला गुणी, पण धन बाजूला कच्चं. कॅल्शियमच्या तुलनेत सुमारे ३ व्होल्टच्या वर ते स्वतःच जळू लागतं. चार व्होल्टची बॅटरी करायची असेल तर असा द्रव चालत नाही.

म्हणून पुढचा प्रश्न क्षारातल्या ऋण आयनाचा झाला. दोन भारांचा कॅल्शियम आयन आपल्या जोडीदाराला आणि आसपासच्या द्रावकाच्या रेणूंना घट्ट कवटाळून बसतो. मुलामा चढायचा तर ही मिठी सुटली पाहिजे. जोडीदाराला मिठी जितकी घट्ट, तितका तो द्रावकाबरोबर फुटण्याचा धोका अधिक. तेव्हा जोडीदार असा हवा, की ज्याचा ऋण भार मोठ्या देहावर पसरलेला आहे आणि कॅल्शियमला धरायला नेमकी जागाच सापडत नाही. असा आयन २०१९ साली दोन गटांनी जवळपास एकाच वेळी वापरला. जर्मनीत उल्मला चिराँग चाओ-कार्गर आणि मॅक्सिमिलियन फिख्टनर यांच्याकडे, आणि कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझर यांच्याकडे. मध्ये बोरॉन, त्याला ऑक्सिजनमार्फत जोडलेले चार हात, आणि हातांच्या टोकांना फ्लुओरीनचं चिलखत. हा क्षार डायमेथॉक्सीइथेनमध्ये विरघळला, साध्या तापमानाला मुलामा चढला-उतरला, आणि द्रवानं ४ व्होल्टच्याही वर तग धरला. तीनही अटी एकाच बाटलीत पुऱ्या झाल्या असं वाटलं. पण फ्लुओरीन असलं, की ते कधीतरी कॅल्शियमला गाठतं आणि कॅल्शियम फ्लुओराइड तयार होतं. आयनांना अडवण्यात ते मोठं वाकबगार. साय हळूहळू दाटत जाते, मुलामा चढवायला जास्त जोर लागतो. शिवाय हा क्षार शुद्ध आणि कोरडा ठेवणं जिकिरीचं. या क्षेत्रात दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कारण पुष्कळदा क्षाराच्या शुद्धतेत सापडतं.

जपानमधल्या तोहोकू विद्यापीठानं मग फ्लुओरीनलाच रजा दिली. काझुआकी किसू, शिन-इची ओरिमो आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली एक पिंजऱ्यासारखा आयन घेतला: अकरा बोरॉन, एक कार्बन, आणि भोवती बारा हायड्रोजन. भार साऱ्या पिंजऱ्यावर पसरलेला. हा क्षार एकट्या द्रावकात नीट विरघळेना, म्हणून दोन ईथरांचं मिश्रण केलं, तेव्हा जमलं. २०२३मध्ये त्याच गटानं हा द्रव, कॅल्शियम धातू आणि धन बाजूला कॉपर सल्फाइड अशी पुरी बॅटरी ५०० फेऱ्या चालवली. दहाव्या फेरीच्या तुलनेत ९२ टक्के क्षमता टिकली. या ९२ची आणि वरच्या ९५ची गल्लत होऊ नये. हा आकडा बॅटरीतून मिळणाऱ्या विजेचा आहे, धातूच्या गळतीचा नव्हे. तरी पाचशे हा आकडा दहा वर्षांपूर्वी कुणी उच्चारला असता तर लोक हसले असते. कॉपर सल्फाइडचं व्होल्टेज मात्र कमी आहे. म्हणजे ४ व्होल्ट झेलणारा द्रव हाती असून तेवढं व्होल्टेज देणारं धन टोक अजून जोडीला नाही. लिथियमसाठी घडवलेल्या स्फटिकांत हा दोन भारांचा पाहुणा सहज हिंडत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे काम प्रत्यक्ष करायला किती चिवटपणा लागतो याची कल्पना आकड्यांवरून येत नाही. कॅल्शियमची हवेतल्या पाण्याशी, ऑक्सिजनशी, अगदी नायट्रोजनशीही सोयरीक जुळते. म्हणून सगळं काम आरगॉन भरलेल्या काचेच्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. पेटीत पाणी दहा लाखांत एका भागाहून कमी हवं. लिथियमची सुबक पट्टी विकत मिळते. कॅल्शियम बहुधा खड्यांच्या किंवा गोळ्यांच्या रूपात येतं. ते दाबून, कापून, पात्यानं घासून त्याचा पृष्ठभाग उघडा करायचा, आणि साय धरायच्या आत द्रवात बुडवायचा. शिवाय व्होल्टेज मोजायला संदर्भ म्हणून कॅल्शियमचीच तार वापरली, तर तिच्यावरही साय धरते आणि मोजपट्टीच सरकते. दोन निबंधांतले व्होल्ट जशास तसे शेजारी मांडताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

आता पैशाचं. चुनखडी स्वस्त आहे म्हणून बॅटरी स्वस्त होईल, हे गणित मला पटत नाही. चुनखडीतून धातू काढायला प्रखर उष्णता, निर्वात भट्टी आणि ॲल्युमिनिअम लागतं. पण ते तरी मोठ्या प्रमाणावर जमलेलं तंत्र आहे. खरा खर्च आज त्या फ्लुओरीनच्या चिलखतात आणि बोरॉनच्या पिंजऱ्यात आहे. ज्या धातूला आपण ‘गरिबाचं लिथियम’ म्हणतो, त्याला लागणारा द्रव सध्या श्रीमंताघरचा आहे. स्वस्त क्षारातून तीच साय धरवणं, निदान थोडीशी पूड मिसळून धरवणं, हे काम उरलं आहे. मला वाटतं पुढची स्पर्धा तिथं होईल.

आणि घाई तरी कुणाला आहे? लिथियमचे भाव २०२२च्या अखेरीस शिगेला पोचले होते, ते पुढच्या वर्षभरात कोसळले. भाव पडले, की पर्यायांचा उत्साहही पडतो. भारताला मात्र ही चैन परवडणारी नाही. आपण लिथियम-आयन सेल बहुतांशी बाहेरून आणतो. जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचा प्राथमिक अंदाज २०२३मध्ये जाहीर झाला, पण अंदाजाची खाण व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात सोडियम पुढं निघून गेलं. पुण्यात केपीआयटी आणि आयसर यांनी मिळून विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र २०२३च्या डिसेंबरात लोकांसमोर आलं. सोडियमही मिठाइतकं स्वस्त, एकच भार असलेलं, आणि लिथियमचे बरेच धडे त्याला जसेच्या तसे लागू पडतात. कॅल्शियमला धातूरूपात त्याहून पुष्कळ जास्त वीज साठवता येईल, हे खरं. पण त्याला स्वतःचे धडे स्वतःच लिहावे लागताहेत.

कॅल्शियमवर काम करणाऱ्यांत सध्या दोन तट दिसतात. एक म्हणतो, बार्सिलोनासारखी वाट देणारी साय घडवा. तिचं रसायन समजून घ्या, बोरॉन असलेलं द्रव्य आधीच धातूवर लावून ठेवा, मग द्रव साधा असला तरी चालेल. दुसरा म्हणतो, मॅग्नेशियमच्या वेळची युक्ती वापरा, साय धरूच देऊ नका, कॅल्शियमची मिठी सैल करणारे द्रावक निवडा. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात चुनशेंग वांग यांच्या गटानं २०२१ साली मेथॉक्सी गट असलेल्या अमाइनांनी द्रावकाचं कडं असं बदलून दाखवलं, आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम दोघांनाही त्याचा उपयोग झाला. माझा कल पहिल्या तटाकडे आहे. कॅल्शियम मॅग्नेशियमपेक्षा दीड-पावणेदोन दशांश नव्हे, चांगला अर्धा व्होल्ट अधिक आक्रमक आहे. त्याच्यासमोर वर्षानुवर्षं अजिबात न फुटणारा द्रव सापडेल असं मला वाटत नाही. साय धरणारच, ती कशाची धरावी एवढंच आपल्या हाती आहे. दुसऱ्या तटाकडे मात्र एक बिनतोड सवाल आहे: बोरॉनची ती जाळीदार साय पाचशे वेळा मुलामा चढता-उतरताना, खालचा धातू फुगत-आकसत असताना, न फाटता टिकते हे कुणी दाखवलं आहे? ऊब न देता, साध्या खोलीत, पुऱ्या बॅटरीत? विद्यार्थ्यांनी पुढची बातमी पाठवली, की मी तीत आधी हेच शोधणार आहे.